बोटवाल्यानं नक्की कुणाचं ऐकायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान ४ वर आपत्ती पथकातल्या सदस्यांचं प्राथमिक प्रशिक्षण 'उत्साहात संपन्न' झाल्याची बातमी आलीये, फोटोपण आहे. त्यात मागच्या रांगेत डावीकडून तिसरा मी उभा आहे, म्हणून लिहायला बसलो. तुमच्या वार्ताहरावर राग नाही, पण तो फोटोपुरता आला नि गेला, आत काय शिकवलं हे त्यानं एकालाही विचारलं नाही.

सकाळी अकराला सुरू, दोनला जेवण, तीनला सर्टिफिकिटं. आम्ही चाळीसेक जण आणि लाईफ जॅकेट एक, तेही प्लॅस्टिकमधून बाहेर न काढता नुसतं वर धरून दाखवलं. पायांमधून घ्यायचा पट्टा आवळला नाही तर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर सरकून तोंडावर येतं, हे मला आमच्या गावातल्या आपदा मित्र (सरकारनं आपत्तीत मदतीसाठी तयार केलेला स्वयंसेवक) पोरानं सांगितलं, त्याचं १२ दिवसांचं ट्रेनिंग झालंय. पाणी चढलं की त्याच्याशेजारी आम्हालाच उभं राहायचंय ना?

माझं खरं दुखणं मात्र वेगळं आहे. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा आई ७८ वर्षांची, तिला शेजाऱ्यांच्या स्लॅबवर नेऊन बसवलेलं, डोक्यावर खताचं पोतं, मांडीवर बीपीच्या गोळ्यांची पिशवी. रात्री नऊला बोट आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आली आणि परत वळली, कारण गावातल्या एका माणसानं इकडे पाठवली होती आणि दुसऱ्यानं फोन करून खालच्या वस्तीवर बोलावली. तासाभरानं परत तेच. बोटवाला पोरगा रडकुंडीला आला होता, अंधारातून मला ओरडून म्हणाला, "काका, मी नक्की कुणाचं ऐकू?" आईला उतरवलं तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, आपल्या सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली. किती माणसं बसवायची आणि बास कुणी म्हणायचं हे ठरलेलं नसलं की काय होतं ते सगळ्या जिल्ह्यानं बघितलंय.

आणि ह्याचं उत्तर कागदावर आहे हो! राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१० सालीच इन्सिडेंट रिस्पॉन्स सिस्टमची, म्हणजे आपत्तीत कुणी कुणाचं ऐकायचं नि कुणी काय करायचं ह्या रचनेची, मार्गदर्शक तत्त्वं काढली. प्रत्येकाला वरचा साहेब एकच, एकाच्या हाताखाली साधारण पाच माणसं, ऑपरेशन (प्रत्यक्ष सुटका), प्लॅनिंग (आखणी), लॉजिस्टिक्स (सामानसुमान) अशा तीन शाखा, आणि बोटी, माणसं, सामान आधी एका ठरलेल्या जागी जमवून तिथूनच सोडायचं. नवख्या माणसाला पहिल्या दिवशी एवढं जरी डोक्यात बसलं तरी पुष्कळ. आम्हाला ट्रेनिंगमध्ये ह्याच रचनेचा इंग्रजी चौकटींचा तक्ता अर्धा मिनिट दाखवला. मी हात वर करून विचारलं, रात्री बोट आली तर बोटवाल्यानं कुणाचं ऐकायचं? "जेवणानंतर बघू" म्हणाले. जेवणानंतर फोटो झाला.

माझं मागणं फार नाही. हेच ट्रेनिंग गावात घ्या, घाटावर, एक संध्याकाळ. बोट पाण्यात ढकलून इंजिन चालू करून बघू दे, जॅकेट प्रत्येकाला स्वतःच्या हातानं बांधू दे, आणि बोट कोण सोडणार, यादी कोण ठेवणार, म्हातारी आणि आजारी माणसं कुठल्या घरात आहेत हे कुणाला विचारायचं, ही नावं मोबाईल नंबरांसकट चावडीच्या भिंतीवर रंगवा. नाव असलेला माणूस परगावी गेला तर त्याच्या जागी कोण, तेही लिहा. पावसाळा तोंडावर आलाय, आणि सर्टिफिकीट बघून पाणी थांबणार नाही.

लिहितोच आहे तर अजून एक, आणि हे तुमच्यासाठी. गेल्या पावसाळ्यात तुम्ही मथळा दिलात 'पाणीपातळी ४१ फुटांवर', कुठली ते बातमीत शेवटपर्यंत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाला इशारा ४० ला आणि धोका ४५ ला, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याला इशारा ३९ ला आणि धोका ४३ ला. म्हणजे ४१ ला तिकडे धोका दोन फुटांवर आलेला असतो आणि आमच्याकडे चार फूट बाकी असतात. तुमचं कात्रण गावाच्या ग्रुपवर फिरलं आणि दोन घरांनी रात्रीच जनावरं सोडली, त्यातली एक गाभण म्हैस अजून सापडली नाही. यंदा आकड्याशेजारी पुलाचं नाव छापा, एवढी कळकळीची विनंती.

आपला,
कृष्णाकाठचा एक जुना वाचक