आठशेच्या दुरुस्तीला बारा हजारांचे बिल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जून महिन्यात, पेरणीच्या तोंडावर, कृषी केंद्रासमोर माझी जुनी डिझेल गाडी अडली. मागे खताच्या चार बॅगा, चावी फिरवली की नुसता ‘टक्’ आवाज. हेडलाइट मात्र लख्ख. चार जणांनी धक्का मारला तशी ती सुरू झाली. आमच्या गावात एसटी दोनदा येते, त्यामुळे रात्री-बेरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचे असले तर हीच गाडी निघते. म्हणून धोका नको, काम पक्के व्हावे, असा विचार करून मी ती थेट शहरातल्या सर्व्हिस सेंटरला नेली.

तिथे सेल्फ मोटर, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, खोलून कोणी पाहिलीच नाही. ‘सेल्फ गेला, पूर्ण बदलावा लागेल’ एवढेच सांगितले. मजुरी आणि कर धरून १२,३५० रुपये झाले. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे दीड क्विंटल कापूस एका बिलात गेला. गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला, याचा आम्हाला आनंदच झाला होता. पण गरज नसलेला भागच गळ्यात मारला, तर कर उतरून आमच्या हाती काय लागले?

जुनी मोटर मी मागून घेतली. द्यायला तिथली मंडळी नाखूश होती, पण अडून बसलो. ती घेऊन तालुक्याच्या बसस्टँडजवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने खाली वर्तमानपत्र अंथरले, मागचे झाकण काढले आणि कागदावर काळी भुकटी सांडली. मोटरच्या आत करंट पोचवणारे कार्बनचे चार तुकडे असतात, त्यातले दोन तर हरभऱ्याच्या डाळीएवढे उरले होते. कार्बन इतके झिजले की स्प्रिंगचा दाब पडत नाही आणि करंट आर्मेचरपर्यंत, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागापर्यंत, पोचत नाही. मोटरला करंट जोडणारा स्विच, म्हणजे सोलेनॉइड, ‘टक्’ करतो, मोटर मात्र फिरत नाही.

तो म्हणाला, “काका, आर्मेचर ठणठणीत हाये. कार्बन संपले होते, बस्स. मोटर बदलाले कोनं सांगतलं तुमाले?”

कार्बनचा सेट २८०, दोन बुश (दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) १२०, मजुरी ४००. एकूण ८०० रुपये. बॅटरीची वायर लावताच मोटर गर्रकन फिरली. पुतण्याकडे याच मॉडेलची गाडी आहे, त्याचा सेल्फ खरोखर जळाला होता. आज ही मोटर त्याच्या गाडीत रोज चालते आहे.

आर्मेचर जळाले असेल, तर नवी मोटर घालायला माझी ना नाही. राग याचा आहे की नेमके काय बिघडले ते न पाहताच १२ हजारांचा आकडा सांगितला गेला. सेल्फ बंद पडला म्हणजे मोटरच गेली असे नसते. दिवे लावून सेल्फ मारावा. दिवे एकदम मंद झाले तर आधी बॅटरी पाहावी, टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवा थर घासून काढावा. पुष्कळदा गाडी तेवढ्यावरच सुरू होते. दिवे तसेच राहून नुसता ‘टक्’ आला, तर सोलेनॉइड किंवा कार्बनचा संशय घ्यावा. ट्रॅक्टरलाही हेच लागू. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, आणि जे काम आमच्या तालुक्यातला कारागीर रस्त्याच्या कडेला बसून करतो, ते एवढी यंत्रे असलेल्या ठिकाणी का होऊ नये?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. तिच्या कामात वाहने आणि शेतीची अवजारे दोन्ही आहेत. त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टलही सुरू झाले. पण खेड्यातल्या माणसाला त्याचा उपयोग तेव्हा होईल, जेव्हा कार्बन, बुश, सोलेनॉइड असे छोटे भाग सुटे मिळतील आणि बिलावर बिघडलेल्या भागाचे नाव येईल. माझ्या बिलावर ‘सेल्फ असेंब्ली, नग १’ एवढेच आहे. प्रत्येक सर्व्हिस सेंटरने काम हाती घेण्याआधी बिघाड लेखी द्यावा, मजुरीचे दर दर्शनी भागात लावावेत आणि काढलेला भाग न मागता गाडीमालकाच्या हाती द्यावा, अशी माझी मागणी आहे. जिल्हा प्रशासनाने हे तपासून पाहावे.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. ज्यांच्याकडे अशी बिले असतील त्यांनी ती फाडू नयेत, आणि जुना भाग भंगारात देण्याआधी एकदा तालुक्यातल्या कारागिराकडून उघडून घ्यावा.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ