सिगारेट सोडण्याची चाचणी

संपादक महोदय,

सिगारेट सोडण्याच्या औषधाच्या चाचणीत मी नाव घातलं, तेव्हा घरचे म्हणाले, 'प्रयोगाचा उंदीर व्हायला निघालास!' संमतिपत्रात मात्र स्पष्ट होतं : कारण न देता केव्हाही बाहेर पडता येतं. गोळी खरी की औषध नसलेली दिखाऊ, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. 'सिगारेट ओढली नाही' अशा थापा चालत नाहीत. नळीत फुंकलं की श्वासातला कार्बन मोनॉक्साइड चुगली करतो.

सिगारेट सोडवणाऱ्या व्हॅरेनिक्लिन या औषधाने मन बिघडतं, ही भीती २०१६ मध्ये ८ हजारांहून अधिक जणांच्या चाचणीने बरीच कमी केली. त्यांत निम्मे मनोविकाराचा इतिहास असलेले होते. (धाडस त्यांचं!)

अशा चाचणीत जाणाऱ्यांनी आधी विचारावं : त्रास झाला तर उपचारखर्च कुणाचा? चाचणी संपल्यावर औषध मिळेल का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला गोलमोलच मिळालं.

— एक वाचक