आई, तुझ्या पाटल्या कपाटातच राहू देत

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर हे सगळं सांगायला जमत नाही, आई मधेच जेवलीस काय विचारते आणि बाबा गप्प होतात, म्हणून लिहून पाठवतेय. धाकट्याला मोठ्यानं वाचायला सांगा, आईचा चष्मा अजून झाला नाही ना.

मी ॲडमिशन घेतलंय. बेंगळूरला, दोन वर्षांचं एमएचए, म्हणजे हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन, राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाखालचं एक साधं कॉलेज. काकांनी सुचवलेल्या त्या मोठ्या कॉलेजची सीट मी सोडली. बाबा, रागावू नका, आधी ऐका. तिथं फी, हॉस्टेल, जेवण धरून 12 लाख होत होते. साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक तारण मागते, आणि तुम्ही उताऱ्यासाठी तलाठ्याकडं जाऊन आलात हे मला कळलंय. ओढ्याकडचं शेत अडकवून मला शिकायचं नाही.

व्याज 10 टक्के आणि मुदत 7 वर्षं धरली तर 12 लाखांना महिन्याचा हप्ता जवळजवळ 19,900 येतो. हा कोर्स करून बाहेर पडलेल्या ज्यांना ज्यांना मी विचारलं त्यांना सुरुवातीला 25 ते 30 हजारच मिळालेत, भारी कॉलेजवाल्यांनाही. मग हातात काय राहणार? माझ्या कॉलेजला सगळं मिळून 5 लाख, हप्ता 8,300 च्या आसपास. 28 हजार पगार धरला तर 19-20 हजार उरतात, म्हणजे आताच्या 17 हजारांपेक्षा थोडेच जास्त, आणि दोन वर्षं पगार बुडणार ते 4 लाख वेगळेच. हे सगळं मोजूनच जातेय. कारण हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर अजून दहा वर्षं बसले तरी मी डेस्कवरच राहणार, आमच्याकडं असिस्टंट मॅनेजरची जागा निघाली की पहिल्यांदा मास्टर्स विचारतात. पैसा लगेच दिसणार नाही बाबा, चौथ्या-पाचव्या वर्षापासून दिसेल, तोवर धीर धरायला पायजे.

आत्याच्या दादानं अमेरिकेतला आकडा पाठवलाय ना, 2023 ला हॉस्पिटल मॅनेजरचा मधला पगार वर्षाला 1,10,680 डॉलर, आणि तुम्ही त्याचे रुपये करून अख्ख्या गल्लीत सांगितलात म्हणे. आकडा बरोबर आहे, तिथल्या सरकारी कामगार खात्याचाच आहे, खरं त्यात वर्षानुवर्षं काम केलेले मॅनेजर पण आले, नुसत्या पास झालेल्या पोरांचा तो पगार नाही. आणि तिथली फी, घरभाडं सगळं डॉलरातच. तो आकडा बघून इथं कर्ज काढायचं नाही.

आई, तू म्हणालीस एवढं शिकून शेवटी खुर्चीच ना. चंदगडकडचे एक आजोबा होते, डॉक्टरांनी सकाळी घरी जा म्हटलं, मग उरलेली औषधं परत, मग बिलिंग, मग टीपीएचं, म्हणजे इन्शुरन्स कंपनीच्या वतीनं क्लेम बघणाऱ्यांचं, फायनल अप्रूवल, आणि आजोबा धोतर नेसून पिशवी मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत बेडवर तसेच बसलेले. त्यांची शेवटची एसटी गेली. इन्शुरन्स कंपनीनं तीन तासांत डिस्चार्जचं उत्तर द्यायचं असा आयआरडीएआयचा, म्हणजे इन्शुरन्स कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, 2024 पासून नियम आहे, खरं वॉर्डातून फाईलच दुपारी सुटली तर नियम काय करणार? फाईल कधी सुटायची हे वरचे ठरवतात. मला तिथं बसून ते ठरवायचंय, आपल्याकडनं येणाऱ्या माणसांसाठी.

माझी काळजी करू नका. हॉस्टेल कॉलेजच्या मागंच आहे, गरम पाण्याची सोय आहे, खोलीत दोघीच, दुसरी निपाणीची आहे. मेसचा भात काही आपल्या तांदळासारखा नसणार, तर लसणाची चटणी आणि तिखट डबा भरून दे, तेवढ्यावर मी राहते. राणी चन्नम्मा एक्सप्रेसला रात्री बसलं की सकाळी बेळगाव, गणपतीला येतेच.

आणि पाटल्यांचं परत काढायचं नाही. दादाच्या वेळी त्या सोसायटीत गेल्या होत्या तेव्हा तू दोन्ही हातांत कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या घालायचीस, कुणी विचारलं की हिरव्या चुड्याची हौस म्हणायचीस. मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून त्या मोजायची, आणि झोप आली की तू हात अजिबात हलवायची नाहीस, वाजतील म्हणून. मला सगळं आठवतं आई. आता नको.

आता कामाचं. लोन माझ्या नावावर आहे, खरं सहकर्जदार म्हणून बाबांची सही लागते. सही केली की मी हप्ते चुकवले तर बँक तुम्हालाही विचारणार, खरं ती वेळ मी येऊ देणार नाही, हप्ते कोर्स संपून एक वर्षानं सुरू होतात आणि ते मी भरणार. बँक सेमिस्टरची फी त्या त्या वेळी कॉलेजला पाठवते, व्याजही तेवढ्याच पैशांवर, ते मी साठवलेल्यातून दर महिन्याला देत जाईन म्हणजे मुद्दल फुगणार नाही. सोसायटीत यशस्विनीचं, त्या सरकारी आरोग्य योजनेचं, नूतनीकरण धाकट्याला करायला लावा, पुढच्या वर्षी बघू चालणार नाही. बाबा, गुडघा दुखत असताना रात्री पाणी पाजायला बांधावरनं जायचं नाही, धाकटा आहे की.

मंगळवारी सकाळच्या बसनं बेळगावला या, गाडीवरनं नको, पाठ धरते. आधार, पॅन, दोन फोटो आणि बँकेचं पासबुक घ्या, उतारा लागत नाही. नाष्टा करून बीपीची गोळी घेऊनच निघा, बँकेत किती वेळ बसवतील सांगता येत नाही. मी स्टँडवर थांबते.

तुमची,
चिमी