चार पट्ट्यांचा कॅप्टन 'मेजर' होत नसतो

संपादक महाशय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या अंकात नौदलातल्या एका अधिकाऱ्याचा फोटो होता. पांढरा गणवेश, खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या आणि खाली ओळ : 'हे कॅप्टन लवकरच मेजर होतील, अशी गावाला आशा आहे.' गावाने ही आशा सोडलेली बरी. नौदलात मेजर हा हुद्दाच नाही. नौदलाचा कॅप्टन म्हणजे लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा माणूस. त्याला मेजर करायचं तर दोन पायऱ्या खाली उतरवावं लागेल. लष्करात ज्याला कॅप्टन म्हणतात, त्याच्या तोडीचा नौदलात नुसता लेफ्टनंट असतो.

मी नौदलात नव्हतो. मी शिंपी. फोर्टातल्या एका दुकानात अडतीस वर्षं नौदलाचे गणवेश शिवले, त्यामुळे मला हुद्दा वाचून नाही, मोजून कळतो. सब-लेफ्टनंटला एक पट्टी, लेफ्टनंटला दोन, कमांडरला तीन, कॅप्टनला चार. सगळ्यात वरच्या पट्टीला गोल वेटोळं. ते नीट बसलं नाही तर गिऱ्हाईक काही बोलत नाही, पण पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. निळ्या डबल ब्रेस्ट कोटाच्या बाहीवर ही फीत आम्ही आधी कच्च्या टाक्यावर धरायचो, दोन्ही बाह्या शेजारी ठेवून ताडायचो, मगच पक्की करायचो. मुंबईच्या घामात तो कोट घालतो कोण? दिल्लीला बदली झाली की साहेब धावत यायचे.

खरी मजा लेफ्टनंट कमांडरची. त्याला अडीच पट्ट्या : दोन जाड आणि मधे एक बारीक. नवीन पोरं विचारायची, हे अर्धं कशाला? आमचे मास्तर त्याची गोष्ट सांगायचे. इंग्रजांच्या नौदलात लेफ्टनंट लोक वर्षानुवर्षं त्याच हुद्द्यावर कुजत. म्हणून आठ वर्षं झालेल्यांना १८७७ पासून ही बारीक पट्टी दिली. 'लेफ्टनंट कमांडर' हे नाव मात्र आलं १९१४ मध्ये. म्हणजे सदतीस वर्षं बाहीवर पट्टी होती, हुद्द्याला नाव नव्हतं. शिंप्याचं काम आधी, बारसं नंतर! पुढे तो कमांडर झाला की मधली बारीक फीत उसवून जाड लावायची. ऐकायला सोपं वाटतं, पण जाड पट्टीला जागा जास्त लागते, म्हणून वरचीही उसवावी लागते, आणि जुन्या फितीखालचं कापड उन्हापासून झाकलेलं, ते गडद दिसतं. ब्रशने घासा, वाफ द्या, तो डाग जात नाही.

कॅप्टनचा कमोडोर झाला की चारही पट्ट्या काढून एकच रुंद पट्टी. एका साहेबांच्या त्या चार पट्ट्या मी उसवत होतो, तर ते काउंटरपाशी उभे राहून बघत होते. काम झाल्यावर म्हणाले, "मास्तर, त्या टाकू नका." सोनेरी जर काळवंडलेली होती. मी कागदात गुंडाळून दिल्या. त्यांनी खिशात ठेवल्या आणि नव्या पट्टीकडे धड पाहिलंही नाही. रुंद पट्टीवर एक चढली की रिअर अॅडमिरल, दोन चढल्या की व्हाइस अॅडमिरल, तीन चढल्या की अॅडमिरल. आपलं नौदल चालवणारे भारतीय प्रमुखसुद्धा १९६८ पर्यंत व्हाइस अॅडमिरलच असत. १९६२ ते १९६६ या काळातले आपले सोमण त्याच हुद्द्यावर होते. भारतीयांत पूर्ण अॅडमिरल पहिल्यांदा झाले चॅटर्जी, १९६८ मध्ये. पुढे नाडकर्णी प्रमुख झाले ते पूर्ण अॅडमिरल म्हणून.

आता या शब्दांविषयी. ४ डिसेंबर २०२३ ला मालवणात नौदल दिन झाला. तिथे पंतप्रधानांनी सांगितलं की हुद्द्यांची नावं भारतीय परंपरेप्रमाणे ठेवणार. त्याच महिन्यात अॅडमिरलांच्या खांद्यावर शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आलाही. मला आनंद आहे. पण तेव्हापासून घरोघरी जे नामकरण चाललंय, 'उपनौसेनानायक', 'सहायक पोतनायक' वगैरे, ते ऐकून धास्ती वाटते. आधी जुन्या शब्दांचा अर्थ तरी पाहावा.

लेफ्टनंट हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ 'दुसऱ्याची जागा धरणारा'. आपल्याकडे यालाच मुतालिक म्हणत. अॅडमिरल आला अरबीतून : अमीर-अल-बहर, समुद्राचा सरदार. युरोपातल्या लोकांनी 'बहर' कापून टाकला आणि 'अमीर-अल' एवढंच अंगावर चढवलं. म्हणजे नुसतं 'चा सरदार'. कशाचा, ते गुलदस्त्यात. (असं अर्धवट कापलेलं कापड आम्ही गिऱ्हाइकाला दिलं असतं तर!) व्हाइस आणि रिअर यांचा उलगडा तर मराठी माणसाला इंग्रजांपेक्षा लवकर व्हावा. त्यांच्या आरमाराचे तीन भाग असत. मधल्या भागात अॅडमिरल, आघाडीला व्हाइस अॅडमिरल, पिछाडीला रिअर अॅडमिरल. आपल्या फौजेत हुजुरात, बिनी आणि चंदावल होती ना, तसंच. बिनीवाले आडनावाचे लोक डोंबिवलीतही सापडतील. त्यांच्या पूर्वजांचं काम आणि व्हाइस अॅडमिरलचं काम एकाच जातीचं.

आणि कॅप्टन? त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं 'डोकं' आहे. कान्होजी आंग्रे 'सरखेल' होते. तो शब्द फारसी वळणाचा. त्यातलं 'सर' म्हणजेही डोकंच, आणि 'खेल' म्हणजे पथक. पथकाचा म्होरक्या. तो दर्यावर्दी शब्द नव्हताच, मराठ्यांनी तो दर्यावर नेला. इंग्रजांकडेही असंच झालं : कॅप्टन हा मूळचा जहाजावर चढलेल्या सैनिकांचा पुढारी, जहाज हाकणारा निराळा. आपला 'आरमार' शब्द पोर्तुगीजांच्या आर्मादावरून आलेला. सुकाणू अरबी, नाखवा फारसी. समुद्रावरचे शब्द असे बंदराबंदरांतून माल उचलत आलेले असतात, त्यांची जात विचारू नये.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की नवीन नावं द्यायचीच असतील तर ती कोशातून पाडू नयेत. सरखेल आहे, दर्यासारंग आहे. मच्छीमार बोटीवर तांडेल आजही रोज हाकेला ओ देतो. हे शब्द लाटांनी घासून गुळगुळीत केलेले आहेत, वाऱ्यात ओरडले तरी ऐकू जातात. 'सहायक पोतनायक' ओरडून बघा, तोवर बोट खडकावर.

आपल्या बातमीदाराला माझी एक विनंती कळवावी. फोटोखाली हुद्दा लिहिण्याआधी पट्ट्या मोजाव्यात. अडीच असतील तर त्या अडीचच मोजाव्यात, बारीक आहे म्हणून सोडू नये. त्या अधिकाऱ्याच्या आईवडिलांनी तो अंक जपून ठेवला असेल, तेव्हा दुरुस्ती पहिल्याच पानावर आली तर बरं.

आपला जुना वाचक,
एक निवृत्त शिंपी, डोंबिवली (पूर्व)

ता. क. : तो फोटो उलटाही छापला गेला आहे. पदकं उजव्या छातीवर दिसतायत, ती डावीकडे असतात. आणि बटणांची बाजू बघून माझी बायकोसुद्धा म्हणाली, "हा कोट बायकांच्या मापाचा शिवलाय का?"