सिम्युलेटरला तासांची नव्हे, कौशल्याची अट हवी

मा. संपादक,

वैद्यकीय महाविद्यालयांत सर्जरीच्या निवासी डॉक्टरांसाठी व्हीआर सिम्युलेटर (संगणकाच्या आभासी दृश्यात शस्त्रक्रियेचा सराव देणारी यंत्रे) घ्यावेत, ही मागणी रास्त आहे. मिरजेच्या शासकीय महाविद्यालयासारख्या जुन्या, १९६२ पासूनच्या संस्थेत तर ते हवेतच. मात्र खरेदीबरोबर सरावाचा नियमही ठरला पाहिजे.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हात डावीकडे नेला की अवजाराचे टोक उजवीकडे जाते, कारण अवजार पोटाच्या भिंतीतल्या छिद्रावर टेकून फिरते. त्यात सपाट पडद्यावर खोलीचा अंदाज येत नाही. हे अंगवळणी पडण्याआधी रुग्णाच्या पोटात हात घालू देणे अन्यायाचे आहे.

येल विद्यापीठातल्या १६ निवासी डॉक्टरांवरील चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. सिम्युलेटरवर तयार झालेल्यांनी पित्ताशय सोडवण्याचे काम २९ टक्के जलद केले. बाकीच्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलत्याच जागी विजेवरच्या अवजाराचा चटका बसण्याची शक्यता पाचपट निघाली. पण तिथे तास मोजले नव्हते. अनुभवी सर्जनची पातळी गाठेपर्यंत सराव करून घेतला होता. आपल्याकडे ‘इतके तास पूर्ण’ असे प्रमाणपत्र देऊन भागणार नाही.

गुण देताना आधी चुका पाहाव्यात, मग वेळ. नुसत्या वेळेला गुण दिले की मुले घाई करतात आणि चटके देतात.

पित्ताशय काढताना सर्वांत घातक चूक हाताची नसते, नजरेची असते: मुख्य पित्तनलिकेलाच पित्ताशयाची नळी समजून ती बंद करणारी क्लिप लावली जाते. म्हणून नळीभोवतालची चरबी साफ झाली का, पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सुटला का, पित्ताशयात जाणाऱ्या दोनच रचना दिसतात का, हे तिन्ही दाखवल्याशिवाय क्लिप लावू न देणारा सरावच घ्यावा. नळ्यांची ठेवण वेगळी असलेले आभासी रुग्णही त्यात असावेत.

टाके मात्र साध्या बॉक्स ट्रेनरवर, म्हणजे खरी अवजारे आत घालून सराव करायच्या पेटीवर शिकवावेत. बऱ्याच व्हीआर यंत्रांत ऊतीचा ताण हाताला नीट जाणवत नाही, मग ओढ किती द्यायची ते कळत नाही. बॉक्समध्ये रबरी नळीवर टाका घालायचा: १५ सेंमी रेशमी दोरा, आधी दुहेरी वेढा, मग दोन एकेरी गाठी. ओढ चुकली की टाका सैल राहतो किंवा रबरी नळी फाटते, आणि चूक जागेवरच कळते. असे बॉक्स स्वस्तात जास्त घेता येतात.

निविदेत वार्षिक देखभालीचा करार आणि हँडल बदलून देण्याची अट असावी. निवासी डॉक्टरांना दिवसा उसंत नसते, त्यामुळे खोली रात्रीही उघडी ठेवावी. ठरलेली पातळी गाठल्याची लॉगबुकात नोंद असल्याशिवाय दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत मुख्य अवजार हाती देऊ नये.

— सर्जरीचे अध्यापक, मिरज