जुनी इमारत पाडू नका, कुटुंबांना द्या

संपादक महोदय, स.न.

बंद पडलेली हॉटेलं, शाळा, हॉस्टेलं यांची परवडणारी घरं करायची म्हटलं की लोक लगेच विचारतात, मग आमच्या एरियाचं काय होणार? मला खरंच वाईट वाटतं हे ऐकून, कारण तिथं येणार कोण, तर भाडं थकलं म्हणून बाहेर काढलेलं कुटुंब, मारहाण सोडून दोन पोरांना घेऊन निघालेली बाई, आणि दप्तर उशाला घेऊन कुणाच्या तरी हॉलमध्ये झोपणारं पोर, ज्याची शाळा वर्षात दोनदा बदललीय.

पण नुसता रंग मारून चावी दिली म्हणजे झालं असं नाही हं. हॉटेलची खोली एका-दोघांसाठी असते, कुटुंबाला दोन खोल्या जोडून स्वतःचा ओटा, स्वतःचं बाथरूम आणि आतून लागणारी कडी हवी, जुनी वायरिंग, पाइप बदलावे लागतात, ॲस्बेस्टॉस (जुन्या बांधकामात वापरलेलं, फुफ्फुसांना घातक असं तंतूंचं साहित्य) असेल तर आधी ते नीट काढावं लागतं. आणि तळमजल्यावर रोज भेटणारी समाजसेविका तर हवीच हवी. फिनलंडने 2008 पासून हेच धोरण धरलं, शेल्टरमधले बेड काढून फ्लॅट केले, भाडेकरार राहणाऱ्याच्याच नावावर, आधी घर मग बाकीची मदत, आणि तिथं बेघरांची संख्या पुढे बरीच वर्षं कमी होत गेली.

तेव्हा कुठल्याही अशा प्रोजेक्टच्या बजेटमध्ये बांधकामासोबत स्टाफचे पुढच्या दहा वर्षांचे पगारही पहिल्याच दिवशी धरा, एवढीच कळकळीची विनंती.

- एक वाचक