केटीसाठी ९० दिवस कशाला?

मा. संपादक,

हिंजवडी, खराडी, ऐरोली इथल्या अनेक सॉफ्टवेअर कंपन्यांत पेपर टाकल्यावर, म्हणजे राजीनामा दिल्यावर, ९० दिवसांचा नोटीस पिरियड भरावा लागतो. काम दुसऱ्याला नीट सोपवून व्हावं (यालाच केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर म्हणतात), हे त्याचं कारण सांगितलं जातं. प्रत्यक्षात पहिले दोन महिने मनधरणी, काउंटर ऑफर (थांबवण्यासाठी वाढीव पगार) आणि बदली माणसाचा शोध यांतच जातात. माणूस मिळतो शेवटच्या पंधरवड्यात. मग केटी म्हणजे रोज दोन तासांचे कॉल, तेही रेकॉर्ड केलेले आणि पुढे कोणीही न उघडलेले. याच कंपन्या स्वतः भरती करताना मात्र 'इमिजिएट जॉइनर', म्हणजे लगेच रुजू होणारा माणूस मागतात.

४५ दिवस पुरतात. अट एकच, काम कोण घेणार त्याचं नाव पहिल्या आठवड्यात ठरलं पाहिजे. बाहेरचा माणूस येईपर्यंत थांबू नये, टीममधल्याच कोणाला तरी नेमावं आणि त्याचं निम्मं काम तेवढ्यापुरतं काढून घ्यावं. मॅनेजर नाव ठरवतात, पण काम काढून घेत नाहीत. बहुतेक केटी तिथेच बुडते.

त्याच आठवड्यात यादी करावी: कोणत्या सर्व्हिस, कोणते रात्री आपोआप चालणारे प्रोग्रॅम म्हणजे जॉब, कोणती सर्टिफिकेटं आणि डोमेन, आणि यातलं काय जाणाऱ्याच्या वैयक्तिक अकाउंटवर किंवा टोकनवर (पासवर्डसारख्या किल्लीवर) चालतं. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी आयटी विभाग अकाउंट बंद करतो आणि त्याच रात्री जॉब पडतो. तो महिन्याअखेरचा असेल तर चूक काही आठवड्यांनी कळते, ३१ मार्चचा असेल तर काही महिन्यांनी. तोवर विचारायला माणूस उरलेला नसतो. म्हणून ते अकाउंट निदान दोन आठवडे आधी बंद करून बघावं, म्हणजे जे मोडायचं ते त्याच्यासमोर मोडेल. सर्टिफिकेटांकडे आता जास्तच लक्ष हवं. वेबसाइट सुरक्षित असल्याची खात्री ब्राउझरला देणाऱ्या सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवसांवर आणि २०२९ मध्ये ४७ दिवसांवर येते. हाताने नूतनीकरण करणारा एकच माणूस असेल, तर तो गेल्याचं ग्राहकाला आधी कळेल.

दुसऱ्या आठवड्यापासून जाणाऱ्याने कोड लिहू नये. कोडमधले बदल नव्या माणसाने करावेत, पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) जुन्याने तपासावी. ऑन-कॉलचा, म्हणजे सिस्टिम बिघडल्यावर येणारा, पहिला फोनही नव्यालाच जावा, जुना पाठीशी असावा. डिप्लॉयमेंट (नवा कोड चालू करणं) आणि रोलबॅक (तो मागे घेणं) नव्या माणसाने रनबुक, म्हणजे कृतीची लेखी पुस्तिका, वाचून एकट्याने करून दाखवावं. तो जिथे अडेल, तिथली ओळ रनबुकमध्ये नसते, ती तेव्हाच लिहावी. शेवटच्या आठवड्यात नव्या माणसाने सिस्टिम समजावून सांगावी आणि जुन्याने फक्त चुका दाखवाव्यात. तासन्‌तासांच्या रेकॉर्डिंगपेक्षा यातून जास्त हाती लागतं.

हे काम सोपवणाऱ्याचं जितकं, तितकंच मॅनेजरचं आहे. तरी ते अर्धवट राहिलं की रिलीव्हिंग लेटर (कार्यमुक्तीचं पत्र) अडतं ते कर्मचाऱ्याचं, आणि पुढची नोकरी धोक्यात येते तीही त्याचीच. हा अन्याय थांबायला हवा. नोटीस ४५ दिवसांवर आणावी, आणि सात दिवसांत घेणारा नेमला नाही तर कंपनीला लेटर रोखता येणार नाही, असं नेमणूकपत्रातच लिहावं.

– एक सॉफ्टवेअर अभियंता, पुणे